काळापलीकडचा देव आपली हाक कधी ऐकतो?

पैलतीर

अथर्वशीर्ष आपल्यातल्या बहुतेकांचं अर्थ कळायच्या आधीच पाठ झालेलं असतं. त्यात 'अव त्वं माम्, अव वक्तारम्, अव श्रोतारम्' अशी रक्षणाची मागणी येते आणि थोडं पुढे गेलं की 'त्वं कालत्रयातीतः' येतं. एकाच देवाला ही दोन्ही वाक्यं एका दमात कशी म्हणायची, हा माझा प्रश्न आहे. हाक आधी असते, ऐकणं नंतर आणि धावून येणं त्याच्याही नंतर. जो भूत, वर्तमान, भविष्य या तिन्हींच्या पलीकडे आहे त्याच्यापाशी हे 'आधी' आणि 'नंतर' कुठून येणार?

'देवाला काय अशक्य आहे' एवढ्यावर मला हा विषय सोडायचा नाही. या प्रश्नाशी लोक दीड हजार वर्षांहून जास्त काळ झुंजत आले आहेत, आणि त्यांचं काही काम इतकं बारीक विणीचं आहे की ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बोएथियसपासून सुरुवात करते. हा रोमन विद्वान इ.स. ५१० मध्ये कॉन्सल झाला, पुढे इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारात फार वर चढला आणि मग राजद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत पडला. ५२४ च्या सुमारास त्याला देहदंड झाला. त्या कैदेत त्यानं जो ग्रंथ लिहिला त्यात तत्त्वविद्या स्त्रीरूपात त्याच्यापाशी येते आणि दोघांचा संवाद चालतो. पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागात तो तिला विचारतो: मी उद्या काय करणार हे देवाला आजच पक्कं ठाऊक असेल, तर मला त्याहून वेगळं काही करता येईल का? आणि येत नसेल, तर पाप-पुण्याचा हिशोब कसला मांडायचा?

ती म्हणते, देवाला 'आज' आणि 'उद्या' नाहीतच. आपल्या हातून कालचा दिवस निसटलेला असतो आणि उद्याचा अजून हाती आलेला नसतो. आयुष्याचा एक बारीकसा तुकडा तेवढा आपल्याकडे असतो. देवाकडे त्याचं अमर्याद जीवन सगळंच्या सगळं, एकदम आणि पूर्ण असतं. म्हणून माझा उद्याचा दिवस तो आधीपासून जाणून बसलेला नाही, तो फक्त बघतो आहे. एकाच वेळी एक माणूस चालताना दिसतो आणि सूर्य उगवताना दिसतो. सूर्याला उगवणं भाग आहे, माणूस आपल्या मर्जीनं चालला आहे, आणि बघणाऱ्याच्या बघण्यानं दोघांपैकी कुणाचंच काही बदलत नाही.

हे उत्तर मला मनापासून देखणं वाटतं. मरण समोर असताना माणूस इतका स्वच्छ विचार करू शकतो, याचंही आश्चर्य वाटतं. त्याच ओघात ती आणखी एक गोष्ट सांगते: जगाला आदि-अंत नाही असं मानलं तरी जग देवासारखं शाश्वत ठरत नाही, ते नुसतं न संपणारं ठरतं. आपल्या पुराणांना हा फरक पक्का माहीत होता. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्रही तेवढीच, आणि अशा दिवसरात्रींच्या हिशोबानं त्याचं आयुष्य १०० वर्षांचं, म्हणजे आपली सुमारे ३११ लाख कोटी वर्षं. तरी ते आयुष्यच. कितीही ताणलं तरी ब्रह्मदेव काळाच्या आत आहे.

पण मग पंढरपूर समोर येतं. 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा.' पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, त्यानं वीट भिरकावली, थांब म्हणाला आणि देव थांबला. ज्याच्यापुढे सगळा काळ एकदम मांडून ठेवलेला आहे तो कुणासाठी थांबेल कसा? पुंडलिकाची सेवा सुरू झालेली, चाललेली आणि संपलेली त्याला एकदमच दिसत असणार.

बोएथियसचा देव मला मोकळं करतो, पण तो माझी वाट बघू शकत नाही. वाट बघता न येणाऱ्या देवाशी नातं जुळतं का, याबद्दल मला खरोखर शंका आहे. तुमचं काय मत आहे ते सविस्तर लिहा.

पिंपळपान

वाचते आहे. बोएथियस हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. एक शंका: देव काळाबाहेर असेल, तर माझी आजची काळजी 'आजची' आहे हे तरी त्याला कळतं का? की त्याच्या लेखी ती नुसती अमुक तारखेची काळजी?

अर्धमात्रा

पैलतीर, विषय फार चांगला काढलात. आपल्या ग्रंथांतली काही ठिकाणं नोंदवतो.

योगसूत्रात ईश्वराविषयी 'पूर्वेषामपि गुरुः कालेनानवच्छेदात्' (१.२६) असं आहे. आधीचे गुरू कधीतरी जन्मले, कधीतरी गेले. काळानं त्यांना मर्यादा घातली, ईश्वराला घातली नाही. गंमत म्हणजे हे सूत्र तुमच्या दोन्ही देवांना लागू पडतं. तो सगळ्या काळभर आहे असंही लावता येतं आणि तो काळात बसतच नाही असंही. मैत्रायणी उपनिषद जास्त धीट आहे. ब्रह्माची दोन रूपं, काळ आणि अकाळ, असं ते सरळ सांगतं. सूर्याच्या आधी जे होतं ते अकाळ, त्याला भाग नाहीत. सूर्यापासून पुढे काळ, त्याला भाग आहेत. (सूर्याच्या 'आधी' अकाळ, हे वाक्य मला अजूनही अडकवतं. काळ सुरू होण्याच्या आधी 'आधी' कसं?)

अद्वैती मंडळींचं उत्तर तयार असतं: 'अव माम्' हे सगुणाला, 'कालत्रयातीतः' हे निर्गुणाला. उपासना व्यवहाराच्या पातळीवर, कालातीतता परमार्थाच्या. माझं यानं समाधान होत नाही. अथर्वशीर्ष म्हणणारा मध्येच श्रोता बदलत नाही. ज्याला 'रक्षण कर' म्हटलं त्यालाच तो 'तू कालत्रयातीत' म्हणतो.

गीता तिसरीकडेच नेते. अकराव्या अध्यायात अर्जुन विचारतो तू कोण, आणि उत्तर येतं 'कालोऽस्मि'. काळाच्या आतला देव आणि काळाबाहेरचा देव असे दोनच पर्याय आपण धरून चाललो आहोत. इथे देव स्वतःच काळ आहे. युरोपात याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे न्यूटन. प्रिन्सिपियाच्या १७१३ च्या आवृत्तीत शेवटी जोडलेल्या टिपणात तो म्हणतो की देव नेहमी आणि सर्वत्र आहे, आणि त्याच्या असण्यानंच काळ आणि अवकाश घडतात.

आणखी एक. बिशप ऑगस्टीननं चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेल्या आत्मकथनाच्या अकराव्या भागात त्याला छळणारा प्रश्न हा आहे की जग निर्माण करण्याआधी देव काय करत होता. त्याचं उत्तर असं की काळही जगाबरोबरच निर्माण झाला, त्यामुळे 'तेव्हा' असं काही नव्हतंच. आपल्याकडे सृष्टीचं चक्र अनादि मानल्यामुळे हा प्रश्न कधी एवढा टोचला नाही. ब्रह्मसूत्रांत तो कर्माच्या बाजूनं येतो: पहिल्या सृष्टीच्या आधी कर्म नव्हतं तर विषमता कुठून आली? तिथेही उत्तर हेच, की पहिली सृष्टी अशी नाहीच.

रानवाटा

बोएथियसचं म्हणणं पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकानं एका चित्रात बसवलं. रस्त्यानं चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरून सगळा रस्ता पाहणाऱ्याला सगळे एकदम दिसतात. हे वाचताना मला दिवे घाट दिसतो. माऊलींची पालखी पुणे सोडून सासवडकडे चढते तेव्हा घाटमाथ्यावर उभं राहिलं की खालच्या वळणावरची दिंडी, मधली दिंडी, रथ, पुढे गेलेले झेंडे, सगळं एका नजरेत येतं. दिंडीत चालणाऱ्याला पुढच्याची पाठ आणि त्याच्या खांद्यावरची पताका तेवढी दिसते.

पण हे चित्र जरा खणून बघा. माथ्यावरून सगळ्या दिंड्या दिसतात, कारण त्या सगळ्या त्या क्षणी घाटात आहेत. पुढच्या वर्षीची वारी माथ्यावरून दिसत नाही. रस्त्यावर उद्याची माणसं दिसायला हवी असतील तर उद्या कुठेतरी 'असायला' हवा. म्हणजे देवाच्या सर्वज्ञतेची किंमत म्हणून आपण हे मान्य करून बसतो की भूत आणि भविष्य वर्तमानाइतकेच खरे आहेत, आणि काळ 'जातो' हा फक्त चालणाऱ्याचा अनुभव आहे. मॅक्टॅगार्ट या तत्त्वज्ञानं १९०८ मध्ये काळ खराच नाही असं सांगणारा लेख लिहिला, तेव्हा त्यानं हीच दोन टोकं वेगळी करून दाखवली: एका बाजूला 'भूत-वर्तमान-भविष्य' अशी सरकती मांडणी, दुसऱ्या बाजूला 'याच्या आधी, त्याच्या नंतर' अशी कायमची मांडणी. कालातीत देवाला दुसरीच दिसणार. पहिली त्याच्यासाठी नाही.

अँथनी केनी यांनी १९६९ मध्ये याहून थेट प्रहार केला. माझं हे टंकलेखन सगळ्या शाश्वततेच्या समकालीन आहे, रोमची आग पण सगळ्या शाश्वततेच्या समकालीन आहे. मग मी हे शब्द टंकत असताना तिकडे रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल वाजवतोच आहे असं म्हणायचं का? स्टम्प आणि क्रेट्झमन यांनी १९८१ मध्ये याला उत्तर दिलं की शाश्वत आणि कालबद्ध यांच्यातली समकालीनता वेगळ्या जातीची आहे. दोन कालबद्ध घटना एकाच शाश्वताच्या समोर असल्या, म्हणून त्या एकमेकींच्या समकालीन होत नाहीत. तर्क म्हणून हे टिकतं. ती वेगळी जात नेमकी कशी असते ते मात्र मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

पैलतीर

पिंपळपान, तुम्ही दोन ओळींत जे विचारलंत त्यावर गेल्या शतकात बरंच रण माजलं. आर्थर प्रायर हे न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ. १९५९ मध्ये त्यांनी एक साधं निरीक्षण मांडलं. नकोसं काही संपलं की आपण 'सुटलो बुवा एकदाचे' म्हणतो. हा सुस्कारा 'ती गोष्ट शुक्रवार, १५ जून १९५४ रोजी संपते' या माहितीवर निघत नाही. ती माहिती आदल्या आठवड्यातही तितकीच खरी होती, आणि तेव्हा आपल्या पोटात गोळाच होता. सुटका वाटते ती 'आता' संपलं म्हणून.

मग १९६२ मध्ये, मँचेस्टरला शिकवत असताना, त्यांनी हेच देवाला लावलं. काळाबाहेरच्या देवाला मँचेस्टरच्या १९६० च्या अंतिम परीक्षा आता संपल्या आहेत हे कळू शकणार नाही. त्या अमुक तारखेला संपतात एवढं तो जाणेल. पण 'आता संपल्या' हे त्या तारखेआधी खरं नसतं आणि नंतर खरं असतं. ज्याचं ज्ञान कधीच बदलत नाही त्याला ते धरता येणार नाही. क्रेट्झमन यांनी १९६६ मध्ये सर्वज्ञता आणि अपरिवर्तनीयता एकत्र नांदू शकत नाहीत असा युक्तिवाद केला तोही याच बाजूनं. हेच क्रेट्झमन पुढे कालातीततेचे वकील झाले, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणजे पिंपळपान, तुमची काळजी त्याला कळते. ती आज आहे, हे कळतं की नाही यावरच वाद आहे.

गोदाकाठ

मी वेगळी बाजू मांडते. कालातीत देवाशिवाय एक प्रार्थना निरर्थक होते, आणि ती आपण सगळ्यांनी केलेली आहे.

माझ्या दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री आईनं देव पाण्यात ठेवले होते. ताम्हणात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, गळ्याशी पाणी, वर एक तुळशीचं पान. तेव्हा पेपर तपासून कधीच झाले होते, बेरजा झाल्या होत्या, आकडा कुठल्याशा संगणकात बसला होता. मग आई काय मागत होती? झालेलं बदलून दे असं? तसं असेल तर ते मागणंच चुकीचं, कारण झालेलं बदलणं देवालाही करता येत नाही असं अक्वायनससुद्धा म्हणतो.

मायकेल डमेट यांचा १९६४ चा एक लेख याच प्रश्नावर आहे. अटलांटिकमध्ये दोन तासांपूर्वी जहाज बुडालं आणि थोडे जण वाचले, अशी बातमी बाप रेडिओवर ऐकतो. त्याचा मुलगा त्या जहाजावर होता. तो ताबडतोब प्रार्थना करतो की माझा मुलगा वाचलेल्यांत असू दे. डमेट म्हणतात यात अडाणीपणा काहीच नाही. झालेलं बदल असं तो मागत नाही. मी आता जे मागतो आहे ते लक्षात घेऊन तू तेव्हा त्याला वाचवलेलं असू दे, असं मागतो. देवापुढे बापाची आत्ताची प्रार्थना आणि दोन तासांपूर्वीचं बुडणारं जहाज एकदम असेल, तर यात तर्काला धक्का लागत नाही.

म्हणून मला काळाबाहेरचा देव दूरचा वाटत नाही. आईनं रात्री दहाला हात जोडले तेव्हा, पेपर तपासले जात होते ती एप्रिलची दुपारही त्याच्यासमोर होती. काळाच्या आत उभा असलेला देव म्हणाला असता, बाई, उशीर झाला.

अर्धमात्रा

गोदाकाठ, सुरेख मांडलंत. पण एक दुरुस्ती सुचवतो. डमेट यांच्या बापाला काळाबाहेरचा देव लागतोच असं नाही. काळात असलेला, पण पुढे कोण काय मागणार हे आधीच जाणणारा देव असला तरी त्याचं भागतं. जहाज बुडत असताना तो म्हणेल, दोन तासांनी याचा बाप मला हाक मारणार आहे. मग सगळं ओझं पुन्हा भविष्यज्ञानावर येतं आणि बोएथियसचा प्रश्न परत दाराशी उभा राहतो: बापाला ती प्रार्थना न करण्याचं स्वातंत्र्य होतं का?

साधा_वाचक

सगळे 'आता' हा शब्द बिनधास्त वापरत आहेत, म्हणून विचारतो. वर्तमान असतो का मुळात? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष (खोडून काढण्यासाठी आधी मांडलेलं विरुद्ध मत) असा आहे: देठापासून सुटलेलं फळ पडतं आहे. देठापासून फळापर्यंतचं अंतर पडून झालेलं, फळापासून जमिनीपर्यंतचं पडायचं राहिलेलं. मधे तिसरं अंतर उरतच नाही, जिथे ते 'पडतं आहे' असं म्हणता येईल. म्हणजे भूत आहे, भविष्य आहे, वर्तमान नाही. वर्तमानच नसेल तर देवाला 'आता' कळत नाही ही तक्रार कशाला?

अर्धमात्रा

साधा_वाचक, त्याच्या पुढचंच सूत्र वाचा. वर्तमान नसेल तर ते दोन्हीही नाहीत, कारण ते त्याच्याच आधारानं सांगता येतात. कशाच्या मानानं झालेलं आणि कशाच्या मानानं व्हायचं? वात्स्यायनाचं भाष्य आणखी नेमकं आहे. काळ अंतरावरून कळत नाही, क्रियेवरून कळतो. पडणं चालू आहे तोवर वर्तमान, पडणं थांबलं की भूत, पडायला लागायचं आहे तोवर भविष्य. पूर्वपक्षानं रस्ता मोजला, पडणं पाहिलंच नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन मात्र याच परस्परावलंबनावरून उलटा निष्कर्ष काढतो. मध्यमककारिकेचं एकोणिसावं प्रकरण खास काळाच्या परीक्षेला दिलेलं आहे. ज्या गोष्टी एकमेकींच्या आधाराशिवाय उभ्याच राहत नाहीत त्यांना स्वतःचं असणं नाही, तिन्हींनाही नाही, असं तो म्हणतो. त्यात ईश्वराला जागाच नाही. आपल्या धाग्याचा प्रश्न त्याला पडणारच नाही.

ध्रुवतारा

भौतिकशास्त्राच्या बाजूनं थोडं. १९०५ च्या विशिष्ट सापेक्षतेनंतर विश्वभर एकच 'आता' आहे हे म्हणणं कठीण झालं. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं. ही कागदावरची गोष्ट नाही. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर वरती गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा फरक गृहीत धरूनच ती यंत्रणा चालते.

मग जे म्हणतात देव काळात आहे, त्यांना विचारायला हवं की कुणाच्या काळात? पृथ्वीवरच्या 'आता'ला देवाचा 'आता' मानायचं तर पृथ्वीला अशी मान्यता कशामुळे? प्रायर यांचा आक्षेप मला म्हणूनच लंगडा वाटतो. 'आता' हे जगाचं वैशिष्ट्य नसून बघणाऱ्याच्या जागेचं असेल, तर ते न कळण्यानं सर्वज्ञतेत काही उणं येत नाही. 'इथे' म्हणजे कुठे हे देवाला नाशिककरासारखं कळत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही.

पलीकडच्या बाजूला एक आधार आहे तोही सांगतो. विश्व मोठ्या प्रमाणावर सगळीकडे सारखंच प्रसरण पावतं आहे, त्यामुळे विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं असं एकच वय सांगता येतं. विल्यम लेन क्रेग यांच्यासारखे तत्त्वज्ञ हा वैश्विक काळ धरून देवाला काळात आणतात. त्यांचं मत असं की सृष्टीविना देव कालातीत, सृष्टी झाल्यापासून कालबद्ध. मला हा सांधा कच्चा वाटतो. कालातीत अवस्था 'संपते' कधी?

माळकरी

मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही, पण पंढरपूरचं नाव निघालं म्हणून लिहितो.

आषाढी जवळ आली की विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढतात. मग शेजारती बंद, झोप बंद, दर्शन रात्रंदिवस चालू. देवाला उभं राहून शीण येतो म्हणून पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. वारी उलगली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री शीण उतरायला काढ्याचा नैवेद्य दाखवतात, पलंग पुन्हा ठेवतात आणि मग देव झोपतो. आणि हे कधी, तर बाकीच्या जगात देवशयनी एकादशी असते तेव्हा. सगळीकडचा विष्णू झोपायला जातो आणि आमचा विठोबा वारकऱ्यांसाठी जागा राहतो.

याला कुणी नुसता उपचार म्हणेल. पण वारकऱ्याची तीच श्रद्धा आहे. ज्याला शीण येतो, ज्याच्या झोपेची वेळ आपल्यामुळे पुढे जाते, त्याला आपण काळात आणलेलंच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तो काळाबाहेरचाच आहे आणि पुंडलिकानं त्याला आत ओढलं. विटेवर उभं राहणं म्हणजे काळात उभं राहणं. त्यानं ते मान्य केलं. भक्तासाठी उशीर सोसायची त्याची तयारी आहे, म्हणून तो माझा देव.

पिंपळपान

माळकरी दादा, लोड आणि काढ्याबद्दल माहीत नव्हतं. फार आतून लिहिलंत.

पैलतीर

माळकरी, मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही मांडलंत. आता माझी बाजू स्पष्ट करते.

निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांनी १९७५ मध्ये जो लेख लिहिला त्याचा गाभा तुमच्याच म्हणण्याजवळ आहे. बायबलमधला देव बोलतो, ऐकतो, वचन देतो, पाळतो, क्षमा करतो. क्षमा अपराधाच्या नंतरच करता येते. हे सगळं करणारा देव काळातच असायला हवा. त्याला आदि-अंत नाही, तो अखंड आहे, पण काळाबाहेर नाही. वोल्टरस्टॉर्फ यांच्या मते कालातीत देव हा ग्रीक तत्त्वज्ञानातून आत आलेला पाहुणा आहे. आपल्याकडे ही फोड इतकी सोपी नाही, कारण आपल्या उपनिषदांनाच कालातीत हवा आहे आणि आपल्याच आरतीला अठ्ठावीस युगं उभा असलेला.

ध्रुवतारा, 'इथे' आणि 'आता' यांची तुमची जोडी मला पटत नाही. मी नाशिकला असले काय आणि नागपूरला असले काय, माझं दुखणं तेवढंच राहतं. पण दुखणं काल होतं की आता आहे की उद्या येणार, यानं सगळं बदलतं. उद्याची शस्त्रक्रिया आणि कालची शस्त्रक्रिया माणसाला सारखी नसते. देवाला त्या दोन्ही सारख्याच दिसत असतील, तर तो माझ्या भीतीच्या वेळी माझ्या भीतीत माझ्यासोबत नाही. त्याला भीतीची तारीख ठाऊक आहे.

गोदाकाठ, तुमच्या आईच्या प्रार्थनेला माझ्याकडे उत्तर आहे, पण त्याची किंमत मला मोजावी लागते. काळात असलेला देव तिची हाक आधीच ओळखून होता, असं अर्धमात्रांच्या वाटेनं मी म्हणू शकते. मग त्याला भविष्य ठाऊक आहे हे मान्य करावं लागतं. ते मला तितकंसं मान्य नाही. पीटर गीच यांनी १९७७ मध्ये वेगळा पर्याय दिला. देव बुद्धिबळातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूसारखा आहे. समोरचा कुठलीही चाल करो, डाव कुठे न्यायचा हे त्याच्या हातात आहे, आणि तरी समोरच्याची प्रत्येक चाल त्याची स्वतःची आहे. असा देव वाट बघू शकतो. पुंडलिक सेवा कधी आटोपेल हे न ठरवता तो विटेवर उभा राहू शकतो. मी सध्या याच बाजूला आहे.

रानवाटा

पैलतीर, या मांडणीत निकालाच्या रात्रीचा बाळकृष्ण काहीच करू शकत नाही. हे तुम्ही स्वीकारता?

पैलतीर

हो. गुणांच्या बाबतीत नाही करू शकत. सकाळी निकाल हाती आल्यावर जे होईल त्यात तो सोबत असेल. मला तेवढं पुरतं. गोदाकाठ यांच्या आईला पुरलं नसतं, हेही मला कळतं.

अर्धमात्रा

मग गीतेतली तीन ठिकाणं तुमच्यापुढे ठेवतो, कारण गीच यांचा देव गीतेत बसवणं मला जमत नाही आणि पूर्ण टाकूनही देता येत नाही.

सातव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतो की झालेली, असलेली आणि पुढे होणारी सगळी भूतं मी जाणतो, मला मात्र कुणी जाणत नाही (७.२६). इथे भविष्य स्पष्ट नाव घेऊन आलं आहे, डावपेचापुरतं नाही. अकराव्यात तो याहून पुढे जातो: 'मयैवैते निहताः पूर्वमेव', यांना मी आधीच मारलं आहे, तू निमित्तमात्र हो (११.३३). बोएथियस इथे 'पूर्वमेव'वर बोट ठेवून म्हणाला असता की देवाला 'आधीच' नसतं. गीतेला ते बिनदिक्कत असतं, कारण बोलणारा स्वतःला काळ म्हणवतो आहे. भीष्म-द्रोणांचं मरण ठरलेलं आहे, अर्जुनानं बाण मारो वा न मारो.

आणि एवढं सांगून झाल्यावर अठराव्यात तो म्हणतो, मी तुला सगळं सांगितलं, याचा पूर्ण विचार कर आणि 'यथेच्छसि तथा कुरु' (१८.६३). ज्यांचं मरण आधीच झालं आहे त्यांच्याविरुद्ध लढायचं की नाही, हे ठरवायला अर्जुन मोकळा. योद्ध्यांचं भवितव्य बंद आणि अर्जुनाचा निर्णय उघडा, अशी मधली जागा गीता धरते. ती बोएथियसचीही नाही आणि गीच यांचीही नाही. पण तीन श्लोकांनंतर, १८.६६ मध्ये, तोच 'मामेकं शरणं व्रज' म्हणतो आणि अर्जुन काय उत्तर देतो ते ऐकायला सातव्या श्लोकापर्यंत, १८.७३ पर्यंत, थांबतो. मधे तो त्याला विचारतोही: हे तू एकाग्र चित्तानं ऐकलंस ना, तुझा मोह गेला ना? ज्याला पुढचं सगळं ठाऊक आहे असं तो सातव्या अध्यायात म्हणाला, तो १८.७२ मध्ये प्रश्न का विचारतो, याचं उत्तर तुमच्या बाजूचं कुणी देणार असेल तर मला ते वाचायचं आहे.